रॉक संगीत केंद्राचे नामांतर : बॉस्टनच्या ‘डब्ल्यूबीसीएन’ या रेडिओ केंद्राचा अभ्यास

प्रस्तावना :
वाणिज्य शाखेत नाममुद्रेचा (ब्रँडचा) अभ्यास करताना बहुधा विक्रीच्या वस्तूंची उदाहरणे घेतली जातात. रेडिओ केंद्राची गोष्ट निराळी आहे. येथे श्रोता पैसे मोजत नाही. ते जाहिरातदार मोजतो. म्हणूनच केंद्राचे नाव बदलताना कोणाच्या हिताचा विचार होतो, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या ‘डब्ल्यूबीसीएन’ या केंद्राच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

केंद्राच्या ओळखीचे घटक :
अमेरिकेत रेडिओ केंद्राची ओळख कंप्रता, संकेताक्षरे व कार्यक्रमांचे स्वरूप या तीन घटकांनी बनते. कंप्रता वापरण्याचा परवाना फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन हा आयोग देतो आणि संकेताक्षरेही त्याच्याच मान्यतेने बदलतात. कार्यक्रमांच्या स्वरूपाबाबत मात्र हा निर्णय बाजारावर सोपविण्याचे आयोगाचे धोरण आहे. न्यूयॉर्कच्या ‘डब्ल्यूएनसीएन’ या अभिजात संगीत केंद्राच्या श्रोत्यांच्या संघटनेने या धोरणाला आव्हान दिले होते. परंतु १९८१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचे धोरण ग्राह्य ठरविले. परिणामी हे तिन्ही घटक एकमेकांपासून वेगळे करणे मालकास शक्य होते.

केंद्राची वाटचाल :
डब्ल्यूबीसीएन मुळात अभिजात संगीताचे केंद्र होते. १५ मार्च १९६८ च्या रात्री त्यावर रॉक संगीताचे प्रसारण सुरू झाले. गाणी निवडण्याचे स्वातंत्र्य निवेदकांना होते. व्हिएतनाम युद्धविरोधी चळवळीच्या काळात विद्यार्थ्यांच्या या शहरात केंद्राने बातम्या व राजकीय चर्चा यांनाही स्थान दिले. १९७९ मध्ये नव्या मालकांनी कर्मचारी कपात करताच संप झाला. श्रोते व काही जाहिरातदार संपकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले आणि सुमारे तीन आठवड्यांनी कर्मचाऱ्यांना परत घ्यावे लागले. नाममुद्रेचे मूल्य श्रोत्यांच्या निष्ठेत असते, याचे हे ठळक उदाहरण होय.

बदलाची कारणे :
१९९६ च्या दूरसंचार कायद्याने देशपातळीवरील केंद्रसंख्येची मर्यादा काढून टाकली आणि सर्वांत मोठ्या शहरांत एका कंपनीला आठपर्यंत केंद्रे बाळगण्याची मुभा दिली. त्याच वर्षी डब्ल्यूबीसीएनच्या सकाळच्या वेळेत न्यूयॉर्कहून येणारा हॉवर्ड स्टर्न यांचा कार्यक्रम आला व तेथील जुने निवेदक चार्ल्स लॅक्विडारा हे ‘डब्ल्यूझेडएलएक्स’ या जुन्या रॉक संगीताच्या केंद्राकडे गेले. पुढे ही दोन्ही केंद्रे सीबीएस या एकाच कंपनीकडे होती. अशा स्थितीत निर्णयाचे एकक एक केंद्र न राहता कंपनीचा संपूर्ण केंद्रसमूह हे होते. एकाच घरातील दोन रॉक केंद्रांपैकी एकाचा त्याग करणे हिशेबाच्या दृष्टीने सुसंगत ठरते.

ऑगस्ट २००९ मध्ये तसेच घडले. ९८.५ वरील ‘मिक्स’ हे केंद्र डब्ल्यूबीसीएनच्या १०४.१ या कंप्रतेवर आले आणि रिकाम्या झालेल्या ९८.५ वर ‘द स्पोर्ट्स हब’ हे क्रीडा केंद्र सुरू झाले. पेट्रियट्स या फुटबॉल संघाच्या सामन्यांचे प्रसारणही डब्ल्यूबीसीएनकडून त्या केंद्राकडे गेले. जुनी संकेताक्षरे नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट येथील मध्यम लहरींच्या एका केंद्राला देण्यात आली. म्हणजे नाव उरले, पण ज्या शहराने त्याला अर्थ दिला ते शहर त्यापासून तुटले.

मूल्यमापन :
व्यावसायिक निकषावर हा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. क्रीडा केंद्राने बॉस्टनमध्ये चांगला जम बसविला. तथापि, हिशेबात न येणारी हानीही लक्षात घ्यावी लागते. स्थानिक कलावंतांना मिळणारे व्यासपीठ, निवेदकाचा शहराशी असलेला परिचय आणि ध्वनिमुद्रणांचा वारसा यांची जबाबदारी नव्या नाममुद्रेवर नसते. २०१९ च्या ‘डब्ल्यूबीसीएन अँड द अमेरिकन रिव्होल्यूशन’ या माहितीपटासाठी माजी कर्मचारी व श्रोते यांनी जपलेली सामग्री गोळा करावी लागली, ही बाब या दृष्टीने बोलकी आहे.

समारोप :
सारांश, रेडिओ केंद्राच्या नामांतरात कंप्रता मालकाकडे राहते, नाव हलविता येते. श्रोत्यांचा विश्वास मात्र हस्तांतरित करता येत नाही. कंप्रता ही सार्वजनिक संपत्ती मानली जात असेल, तर नामांतरापूर्वी केंद्राच्या संग्रहाचे जतन करण्याची अट परवान्यात असणे उचित ठरेल. व्यवस्थापन व माध्यमविद्या या दोन्ही विषयांच्या अध्यापनात नाममुद्रेच्या या सामाजिक बाजूचाही समावेश व्हावा.