कॅसेट मिळाली, पण टेपच नाही!

माझी आतेबहीण लग्नानंतर चेन्नईला स्थायिक झाली. मुले मोठी झाल्यावर तिने घरबसल्या एक चांगले काम हाती घेतले. ओळखीतल्या रक्तदात्यांची यादी तिने कॉम्प्युटरवर तयार केली. नाव, रक्तगट, फोन आणि शेवटच्या रक्तदानाची तारीख. रक्तगट निवडला की त्या गटातले पात्र दाते पडद्यावर हजर! पुरुषाने रक्तदानानंतर ३ महिने आणि स्त्रीने ४ महिने थांबायचे असते, हा हिशेबही प्रोग्रामच करी.

मोठ्या हौसेने तिने पेनड्राइव्हवर प्रती काढून आठ कार्यकर्त्यांना वाटल्या. संध्याकाळपासून फोन सुरू झाले. ‘‘अक्का, फाइल उघडतच नाही!’’ आठपैकी सहा जणांची हीच तक्रार होती.

असे का झाले?

बहिणीने प्रोग्राम ‘मायक्रोसॉफ्ट अॅक्सेस’मध्ये लिहिला होता. १९९२ साली बाजारात आलेले हे सॉफ्टवेअर माहितीची कोठारे बांधण्यासाठी वापरतात. पण त्यात तयार केलेली फाइल म्हणजे गाण्याची कॅसेट. ती वाजवायला समोरच्याकडे टेपरेकॉर्डर नको का? घरगुती वापरासाठी मिळणाऱ्या ऑफिसच्या अनेक संचांत वर्ड आणि एक्सेल असते, अॅक्सेस नसते.

ही अडचण जुनीच आहे. डीबेसच्या जमान्यात प्रत्येक गिऱ्हाइकाला डीबेस विकत घ्यायला लावणे परवडत नसे. म्हणून १९८५ साली ‘क्लिपर’ आले. डीबेसच्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामचे ते स्वतंत्र फाइलीत रूपांतर करी. मग गिऱ्हाइकाकडे डीबेस नसले तरी चाले.

चोरीची प्रत नकोच

एक उत्साही कार्यकर्ता म्हणाला, ‘‘अक्का, कुठून तरी अॅक्सेसची कॉपी आणून सगळीकडे टाकतो.’’ बहिणीने त्याला तिथेच थांबवले, हे बरे झाले. जाणूनबुजून चोरीची प्रत वापरणाऱ्याला कॉपीराइट कायद्यात ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. शिवाय अशा प्रतींबरोबर व्हायरस घरात येतो तो वेगळाच.

खरा उपाय फुकट होता. त्याचे नाव ‘अॅक्सेस रनटाइम’. पूर्वी तो वाटण्याचा हक्क मिळवायला पैसे मोजावे लागत. २००७ च्या आवृत्तीपासून कंपनी तो मोफत देते. हा फक्त ‘वाजवणारा’ टेप! माहिती भरा, शोधा, छापा, पण प्रोग्रामची रचना बदलता येत नाही. एक पथ्य मात्र पाळायचे. कॉम्प्युटरवरचे ऑफिस ३२ बिटचे असेल तर रनटाइमही ३२ बिटचा हवा आणि ६४ बिटचे असेल तर ६४ चा.

आठ प्रती, आठ याद्या

फाइल सगळीकडे उघडू लागली, पण दुसरीच डोकेदुखी उभी राहिली. कोणी एका प्रतीत दात्याचा नवा फोन लिहिला, तर उरलेल्या सात प्रतींत जुनाच राहिला. रात्री दोन वाजता रक्त हवे असताना जुना नंबर काय कामाचा?

यावर उपाय म्हणजे माहिती एकाच जागी ठेवून सर्वांनी इंटरनेटवरून पाहणे. अशी सोय देणारे ‘झोहो क्रिएटर’ हे चेन्नईच्याच कंपनीचे आहे. १९९६ साली अॅडव्हेंटनेट या नावाने सुरू झालेल्या या कंपनीने ते २००६ मध्ये आणले. वापरणाऱ्याकडे ब्राउझर असला की पुरे. मात्र माणशी भाडे भरावे लागते आणि इंटरनेट गेले की काम थांबते. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळात चेन्नईच्या अनेक वस्त्यांत वीज आणि फोन दोन्ही बंद पडले होते. उलट पाण्यात कॉम्प्युटर गेला, तरी दूर ठेवलेली माहिती सुखरूप राहते, हेही खरेच.

बहिणीने दोन्हींचा मेळ घातला. यादी इंटरनेटवर ठेवली आणि दर महिन्याला तिची छापील प्रत काढून कपाटात कुलूपबंद ठेवते.

वाटण्यापूर्वी एवढे पाहा

● समोरच्याकडे कोणते सॉफ्टवेअर आहे, हे आधी विचारा. एकाच्या कॉम्प्युटरवर चालवून पाहा, मगच सर्वांना द्या.

● यादीत कोणाचा फोन किंवा आजार नोंदला असेल तर त्याची संमती घ्या. खासगी माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली संसदेने कायदाच केला आहे. पासवर्ड ठेवा आणि रस्त्यात हरवेल अशा पेनड्राइव्हवर ही माहिती नेऊ नका.

● माहितीची राखीव प्रत दुसऱ्या जागी ठेवा.

● फेरबदल कोण करणार, हे ठरवून टाका.

‘‘प्रोग्राम लिहायला मला एक महिना लागला,’’ बहीण हसत सांगते, ‘‘आणि तो दुसऱ्याच्या घरी चालायला तीन!’’

पण आता रात्री-अपरात्री फोन आला तर ती यादी उघडते आणि पहिल्याच नंबरावर दाता सापडतो. त्या तीन महिन्यांचे चीज झाले, असेच म्हणायला हवे.