कर्णा नसलेला ग्रामोफोन

अब्बा गेले १९९४ साली. मिरजेत दर्ग्याजवळच्या एका गल्लीत त्यांचं शिंपीकाम होतं. चाळिसावा झाला आणि भाड्याची खोली रिकामी करायची वेळ आली. मशीन चुलतभावाने नेलं, भांडी अम्मीने नात्यात वाटली आणि उरलंसुरलं न्यायला मी भंगारवाल्याला बोलावलं. त्यात एक ग्रामोफोन होता. सुटकेससारखा, झाकण उघडून, चावी भरून वाजवायचा. त्याचे पंचाहत्तर रुपये आले. सोबत तबकड्यांची लाकडी पेटी होती. "आणि याचे?" मी विचारलं. तो म्हणाला, "याचं काही येत नाही. ना लोखंड, ना पितळ. न्यायचं तर फुकट नेतो." मी म्हणालो, "ने."

पाच मिनिटांचा व्यवहार. पण त्यासाठीच मी गेली कित्येक वर्षं जुन्या बाजारांतून हिंडतो आहे. लोकांना वाटतं, कवी आहे, असले नाद असायचेच. तसं म्हटलं तर म्हणा.

जुनी वस्तू बाजारात येते कशी, हे आधी सांगायला हवं. घरातलं वडीलधारं माणूस जातं, किंवा वाडा पाडून इमारत व्हायची असते, किंवा मुलं परगावी असतात आणि दोन दिवसांच्या रजेत सगळं उरकायचं असतं. मग रद्दीवाला येतो, भंगारवाला येतो. पूर्वी जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण यायची. प्रत्येक जण आपल्याला कळतं तेवढं उचलतो. रद्दीवाल्याला कागद कळतो, भंगारवाल्याला धातू कळतो. तिथून माल गोदामात जातो, गोदामात निवड होते आणि ज्याला वजनाचा भाव नाही पण एखादं गिऱ्हाईक मिळेल असं वाटतं, ते पथारीवर येतं. तोवर ती वस्तू कुणाच्या घरातली, हे सांगणारं कुणी उरलेलं नसतं. पथारीवाल्याला विचारलं तर तो फार तर गावाचं नाव सांगतो. तेही दर वेळी वेगळं.

पुण्यात नोकरीला आल्यावर माझ्या बुधवार आणि रविवारच्या सकाळी कुंभारवेशीजवळच्या जुन्या बाजारात जाऊ लागल्या. तिथल्या चौकाला शाहीर अमर शेख यांचं नाव आहे. मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्या मुसलमानाला त्या पाटीखालून जाताना जरा बरं वाटतं, एवढंच. बाजारात काय नसे? पाने-पकडी, नळाच्या तोट्या, कुलपं आणि त्यांच्या नसलेल्या किल्ल्या, घड्याळं, तांब्याची नाणी, चष्म्यांच्या काड्या, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो. मुंबईचा चोरबाजार याहून मोठा आणि याहून चलाख. भेंडीबाजाराजवळच्या मटण स्ट्रीटवरची दुकानं शुक्रवारी बंद असत आणि पहाटेपासून रस्त्यावर पथाऱ्या पडत. मूळ नाव 'शोर बाजार' होतं आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचा 'चोर' झाला, अशी कथा तिथे प्रत्येक जण ऐकवतो. खरी-खोटी कोण जाणे, पण ती ऐकवली की चहा मिळतो.

मध्यंतरी काही आठवडे न्यू जर्सीत पुतणीकडे होतो. तिथे शनिवारी सकाळी लोक गॅरेजपुढे टेबलं मांडतात आणि नको झालेल्या वस्तूंवर किमतीच्या चिठ्ठ्या लावून स्वतः खुर्ची टाकून बसतात. तो झाला गॅरेज सेल. पण मला चटका लावून गेला तो दुसरा प्रकार, इस्टेट सेल. घरातलं माणूस गेलं की त्याचं सगळं घर विकायला उघडतात. हे काम करून देणाऱ्या कंपन्या असतात, त्या विक्रीतला वाटा घेतात. पहाटेपासून रांग लागते, नंबर दिले जातात. पहिल्या दिवशी पूर्ण किंमत, शेवटच्या दिवशी बहुधा निम्मी. परकी माणसं सरळ स्वयंपाकघरात शिरतात, झोपायच्या खोलीतलं कपाट उघडतात. पहिल्यांदा मला लाजल्यासारखं झालं. मेलेल्या माणसाच्या घरात असं हिंडायचं? पण थोडा वेळ थांबलो आणि एक गोष्ट ध्यानात आली. तिथे वस्तू आपल्या जागेवर असते. खुर्ची खिडकीपाशी असते आणि खुर्चीशेजारी विणकामाची टोपली. टोपली घेणाऱ्याला ती कुठे बसून विणायची हे दिसतं. आपण लोकलाजेस्तव घराचं दार उघडत नाही. मागच्या दाराने सगळं भंगारात घालतो आणि वस्तूची हकिकत उंबऱ्यावरच सांडते.

असो. मूळ मुद्दा तबकड्यांचा.

आपल्याकडे गाणं पहिल्यांदा तबकडीसाठी मुद्रित झालं ते १९०२च्या नोव्हेंबरात, कलकत्त्यात. फ्रेड गायसबर्ग नावाचा ग्रामोफोन कंपनीचा माणूस त्यासाठी आला होता. गौहर जान तेव्हाच गायल्या. मुद्रण इथे व्हायचं, पण तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना कुणाचं गाणं कोणतं हे कळावं म्हणून गाणं संपताच गायिका आपलं नाव पुकारायची, गौहर जान तर इंग्रजीत. १९०८ साली कलकत्त्यातच कारखाना निघाला आणि ती गरज संपत गेली. तुम्हाला कधी अशी शेवटी नाव सांगणारी तबकडी मिळाली, तर ती त्या आरंभीच्या काळातली असण्याचा संभव मोठा. एकाच बाजूला गाणं आणि मागची बाजू कोरी असेल, लेबलवर कुत्र्याऐवजी तबकडीवर पिसाच्या लेखणीने लिहिणारा छोटा देवदूत असेल, तर ती अधिकच जपून हातात धरा.

या तबकड्या मिनिटाला ७८ फेरे घेतात. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं मावतं. आमच्या मिरजेच्या दर्ग्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. १९३७ साली ते गेले. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात गाणं होतं आणि ते रात्र-रात्र चालतं. त्याच खाँसाहेबांचा राग तबकडीवर तीन मिनिटांत बसलेला असतो. अब्बा म्हणायचे, "मापात कापड कमी असलं की शिंप्याचा कस लागतो." ते चावी फिरवायचे, सुई बदलायचे आणि गाणं संपेपर्यंत मशीनवर पाय ठेवायचे नाहीत.

तबकडी कशाची असते? लाखेची. आपल्या जंगलातल्या झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारी तीच लाख, जिच्या बांगड्या होतात. तिच्यात दगडाची पूड आणि काजळी मिसळायची. आपली लाख जगभरच्या कंपन्यांना जायची. दुसऱ्या महायुद्धात तिची इतकी टंचाई झाली की अमेरिकेत आणि इंग्लंडात लोकांकडून जुन्या तबकड्या वितळवायला परत घेत. आपल्याकडे ७८च्या तबकड्या पुढेही बराच काळ, साठच्या दशकात, निघत राहिल्या. त्यामुळे बीटल्सची गाणीही भारतात ७८वर निघाली. तोवर विलायतेत हा प्रकार बंद पडलेला. म्हणून तिकडचे संग्राहक या भारतीय तबकड्यांसाठी भलत्या किमती देतात. भंगारवाल्याचं 'याचं काही येत नाही' हे मला त्या वेळी आठवल्याशिवाय राहत नाही.

लाखेची म्हणून ती ठिसूळ. बाजारात तबकडी हातात घेतली की आधी उजेडात तिरपी धरायची. खाचा काळ्याभोर चमकत असतील तर ठीक. राखाडी पडल्या असतील तर पोलादी सुयांनी गाणं खाऊन टाकलंय असं समजायचं. ती सुई एका बाजूपुरतीच वापरायची असे, पण काटकसरी घरांत एकच सुई आठवडाभर चाले. मग कडेवर नखाने हलकी टिचकी मारायची. स्वच्छ आवाज आला तर अखंड आहे, बसका आला तर कुठेतरी केसासारखी चीर आहे. लेबलच्या भोवती कोरलेले बारीक आकडे वहीत उतरवून घ्यायचे. नंतर याद्यांशी पडताळले की मुद्रण साधारण कधीचं ते कळतं. १९९०मध्ये मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था निघाली, तिचे सुरेश चांदवणकर आणि इतर सभासद यांनी या कामात फार मेहनत घेतली आहे. घरी आणल्यावर साध्या गार पाण्याने, लेबल न भिजवता धुवायची. स्पिरिट मात्र लावू नका. लाख त्यात विरघळते. माझ्या पहिल्या तीन तबकड्या मी अशाच 'स्वच्छ' केल्या. आणि ठेवायची ती उभी. एकावर एक रचली की खालच्या तडकतात आणि उन्हात राहिली की पापडासारखी वाकते.

ग्रामोफोन घ्यायला जाणाऱ्यांना मी एकच सांगतो, कर्ण्याला भुलू नका. चकचकीत पितळी कर्णा, शिसवी रंगाची पेटी आणि वर 'शंभर वर्षं जुना' हे गोड बोलणं, हा बहुतेक वेळा नवा जोडलेला माल असतो. लोकांना दिवाणखान्यात ठेवायला कर्णा हवा असतो, म्हणून कर्णे बनतात. आपल्याकडच्या साध्या घरांत गाजला तो अब्बांच्याकडे होता तसा, बिनकर्ण्याचा. तो दिसायला दिमाखदार नाही, म्हणून त्याची नक्कल करण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही.

घासाघिशीबद्दल थोडं. काही मंडळी फुशारकीने सांगतात की पाच हजारांची वस्तू मी पन्नास रुपयांत उडवली. मला ही फुशारकी आवडत नाही. पथारीवाला पहाटे चारला उठून आलेला असतो. "काका, भवानी करा," म्हणतो, तेव्हा त्याच्या पोराच्या शाळेची फी त्या भवानीत असते. वाजवी घासाघीस करावी, त्यालाही तीच आवडते. पण वस्तूचं मोल आपल्याला कळलं असेल तर थोडं त्यालाही सांगावं. पुढच्या वेळी तो तसली वस्तू फेकणार नाही. मी असं करू लागल्यावर दोघं-तिघं माझ्यासाठी तबकड्या बाजूला ठेवू लागले. हिशोबानेही तोटा झाला नाही.

प्रत्येक संग्राहकाचं एक स्वप्न असतं. भास्करबुवा बखले १९२२मध्ये गेले. एवढा थोर गवई, पण त्यांच्या आवाजाची एकही तबकडी आजवर सापडलेली नाही. तरीही एखाद्या पथारीवर ती निघेल, या आशेवर माणसं तास न् तास धूळ झटकत बसतात. माझं स्वप्न त्यापेक्षा लहान आहे. अब्बा प्रत्येक तबकडीच्या लेबलवर, कडेला, कॉपिंग पेन्सिलीने उर्दू आकडा घालायचे. ओलसर बोट लागलं की तो आकडा जांभळा पडायचा. एकपासून एक्केचाळीसपर्यंत. मी लेबल बघतो ते आधी त्यासाठी, गायकाचं नाव नंतर.

एकदा जुन्या बाजारात तसा आकडा दिसला. जांभळा, उर्दू. गुडघ्यात वाकलो होतो तो तिथेच बसलो. आकडा होता एकशे बारा. अब्बांच्या पेटीत एवढ्या नव्हत्याच, आणि वळणही त्यांचं नव्हतं. म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी घरात दुसरं कुणी तरी असंच मोजत बसलं होतं. पथारीवाल्याला विचारलं, कुठला माल? तो म्हणाला, सोलापूर. पुढच्या रविवारी विचारलं तर म्हणाला, दौंड. तबकडीला चीर होती, वाजण्यासारखी नव्हती. तरी घेतली. ती माझ्या कपाटात वेगळ्या कप्प्यात आहे.

आता मी जरा आधीच पोचायचा प्रयत्न करतो. गेल्या वर्षी आमच्या इमारतीतल्या एक आजी गेल्या. त्यांची मुलगी बंगळुरूहून आली होती, तिसऱ्या दिवसाचं परतीचं तिकीट काढून. भंगारवाला संध्याकाळी येणार होता. जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "काका, माळ्यावर गाण्याच्या तबकड्या आहेत म्हणे, तुम्हाला हव्यात का?" वर गेलो. बावीस निघाल्या, बहुतेक नाट्यसंगीताच्या. मी म्हणालो, "मी नेतो, पण आधी तू जरा बस." एकेक तबकडी तिच्या हातात दिली आणि विचारलं, ही आठवते का? सुरुवातीला तिला काहीच आठवेना. चौथ्या-पाचव्या तबकडीला म्हणाली, "ही दिवाळीत, उटणं लावताना." मग एक आजोबांनी आजीला लग्नात दिलेली निघाली. पाकिटावर सांगलीच्या दुकानाचा शिक्का होता. एक, तिने स्वतः लहानपणी पाडलेली, कडेचा टवका उडालेली. मार आठवला तिला. मी पेन्सिलीने ज्या त्या पाकिटावर लिहीत गेलो. कुणाची, कधीची, कोणत्या प्रसंगाची.

खालून भंगारवाल्याने हाक मारली तेव्हा आम्ही सतराव्या तबकडीवर होतो. ती उठली, खिडकीतून त्याला म्हणाली, "दादा, अर्धा तास थांबता का?" आणि परत येऊन खाली बसली. बावीस पुऱ्या झाल्यावर तिने त्यातली लग्नाची आणि टवका उडालेली, अशा दोन काढून घेतल्या आणि साडीच्या घड्यांमध्ये घालून बॅगेत ठेवल्या. उरलेल्या वीस मी घरी आणल्या.