६४०००व्या बाइटपाशी

पुण्यात रात्रपाळीला बसलेला सपोर्ट इंजिनीअर, इकडे न्यू जर्सीत फाईल सर्व्हर सांभाळणारा मी, आणि दोघांच्या मधे एक बिघडलेली फाईल. अशा कॉलवर पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य ठरलेलं असतं: “सर, नेटवर्कमध्येच प्रॉब्लेम असणार.” मग नेटवर्कवाल्यांना झोपेतून उठवायचं, केबल बदलायची, स्विचचे काउंटर तपासायचे. सगळं स्वच्छ निघतं आणि दोन दिवसांनी दुसरी फाईल बिघडते. हे वाक्य ऐकून आता चीड येते, कारण त्या दोन दिवसांत लोकांचा डेटा खराब होतच राहिलेला असतो.

गैरसमज असा: फाईल नेटवर्कवरून गेली आणि पोचल्यावर वेगळी निघाली, म्हणजे ती वाटेत बिघडली. याची दुसरी बाजूही तितकीच चुकीची आहे. टीसीपीत चेकसम असतो, बिघडलेलं पॅकेट टाकून देऊन पुन्हा पाठवलं जातं, म्हणजे वाटेत काही होणं शक्यच नाही. सर्व्हरची डिस्क गेली असणार. दोन्ही बाजूंच्या हिशेबात एक जागा धरलेलीच नसते, ती म्हणजे पाठवणाऱ्या यंत्राची स्वतःची मेमरी.

प्रोग्रामने ‘राइट’ केलं की बाइट लगेच तारेवर जात नाहीत. लिनक्समध्ये ते आधी पेज कॅशमध्ये जातात, बहुतेक यंत्रांवर ४०९६ बाइटांच्या पानांत. पुढे केव्हातरी फाईल सिस्टिमचा क्लायंट त्यांतली पाठवायची राहिलेली पानं गोळा करतो, त्यांची खेप बांधतो आणि सर्व्हरकडे धाडतो. चेकसम काढला जातो तो या बांधलेल्या खेपेचा. बांधतानाच एखादं पान राहिलं किंवा भलतंच पान आत गेलं, तर त्या चुकीच्या खेपेचा चेकसम अगदी अचूक निघतो. लखोट्यावरची लाख शाबूत आहे, एवढ्यावरून आत सगळे कागद होते असं कोणी मानत नाही. इथे मात्र मानतात.

हे मी मनचं सांगत नाही. स्टॅनफर्डचे जोनाथन स्टोन आणि बीबीएनचे क्रेग पार्ट्रिज यांनी २००० साली सिगकॉम परिषदेत एक निबंध मांडला. तारेवरची सीआरसी तपासणी पार करूनही टीसीपीच्या चेकसमला नापास होणारी पॅकेट त्यांना खऱ्या वाहतुकीत आढळली, ११००त एक ते ३२०००त एक या प्रमाणात. माग काढला तेव्हा बोट गेलं ते दोन्ही टोकांची यंत्रं, राउटर आणि त्यांच्यातल्या सॉफ्टवेअरकडे. त्याच्याही आधी, १९८४ साली, सॉल्टझर, रीड आणि क्लार्क यांनी आपल्या प्रसिद्ध निबंधात एमआयटीतली हकिगत नोंदवली आहे. तिथल्या नेटवर्कमध्ये प्रत्येक टप्प्यावर चेकसम होता. पण एका गेटवे संगणकात, आलेला डेटा एका बफरमधून दुसऱ्यात उतरवताना, दहा लाख बाइटांत सुमारे एकदा शेजारच्या दोन बाइटांची अदलाबदल व्हायची. तपासणी टप्प्याटप्प्यांवर होती आणि चूक गेटवेच्या पोटात. एका ऑपरेटिंग सिस्टिमचा सोर्स कोड त्या गेटवेतून पुन्हा पुन्हा गेला आणि बिघडला. शेवटी ज्यांच्या त्या फाईली होत्या त्यांनी जुने छापील कागद काढून ओळ न् ओळ ताडून दुरुस्त केली.

आता अलीकडचं. विंडोजच्या शेअरशी बोलणारा लिनक्सचा सिफ्स क्लायंट एप्रिल २०२३मध्ये आलेल्या ६.३ आवृत्तीत मोठ्या प्रमाणावर बदलला. पानांच्या यादीऐवजी बफर हाताळण्याची ‘इटरेटर’ पद्धत त्यात आली. बदल हवाच होता. पण खेप बांधणाऱ्या कोडमध्ये एक चूक शिरली. पुढचं पान घेतलं तर खेपेची ठरलेली मर्यादा ओलांडली जाईल असं दिसलं, की कोड तिथे थांबायचा आणि आधीची खेप रवाना करायचा, इथवर ठीक. मात्र थांबण्यासाठी जे फंक्शन वापरलं होतं ते मोजणीचा काटा एक पाऊल पुढे सरकवून थांबायचं. पुढची खेप त्या सरकलेल्या काट्यापासून सुरू व्हायची आणि मधलं पान राहून जायचं.

रेड हॅटच्या डेव्हिड हॉवेल्स यांनी २०२४च्या सुरुवातीला याची दुरुस्ती पाठवली. तिच्यासोबत दिलेली चाचणी मला फार आवडते, कारण ती कुणीही करू शकतो. ६४ केबीची एक फाईल बनवा, म्हणजे ६५५३६ बाइट, बरोबर १६ पानं. शेअर जोडताना खेपेची मर्यादा, म्हणजे ‘डब्ल्यूसाइझ’, ६४००० ठेवा. फाईल शेअरवर कॉपी करा आणि मूळ फाईलशी ‘सीएमपी’ने ताडून पाहा. दुरुस्ती नसेल तर फरक ६४०००व्या बाइटपाशी किंवा जरासा पुढे सापडतो. ६४०००ला ४०९६ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून हा आकडा. चाचणी करणाऱ्यांच्या यंत्रांवर असे आकडे बहुधा ४०९६च्या पटीत असतात, आणि काठावरच्या चुका तिथे दिसत नाहीत.

म्हणून माझा हट्ट एवढाच आहे, की केबलला हात लावण्याआधी बिघाड कितव्या बाइटपासून सुरू होतो ते सांगा. खराब तार ४०९६चा पाढा म्हणत नाही. फरक पानाच्या सीमेवर किंवा खेपेच्या मर्यादेवर सुरू होत असेल, पुन्हा केलं तरी तिथेच येत असेल, तर चूक बफर हाताळणाऱ्या कोडमध्ये शोधायची.

आणखी काही समज, थोडक्यात.

“त्याच यंत्रावर फाईल उघडली, बरोबर आहे.” तुम्ही कदाचित सर्व्हरवरची फाईल पाहिलीच नाही, आपल्याच पेज कॅशमधली प्रत वाचली. दुसऱ्या यंत्रावरून ताडा.

“कॉपी करताना एरर आली नाही.” मागाहून होणाऱ्या लिखाणातली चूक ‘एफसिंक’ किंवा ‘क्लोज’च्या वेळी कळते, आणि कितीतरी प्रोग्राम ‘क्लोज’चं उत्तर पाहतच नाहीत.

“सर्व्हरने घेतलं म्हणजे डिस्कवर गेलं.” जून १९९५च्या आरएफसी १८१३पासून, म्हणजे एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीपासून, सर्व्हर “घेतलं, पण अजून डिस्कवर नाही” असं उत्तर देऊ शकतो. ‘कमिट’ यशस्वी होईपर्यंत बफर जपून ठेवणं ही क्लायंटची जबाबदारी आहे.

“रॅम खराब असेल.” वेगवेगळ्या यंत्रांवर, एकाच बाइटपाशी?

“जुन्या कर्नलवर गेलो, प्रश्न सुटला.” सुटला नाही, पण तपासाची सर्वांत मौल्यवान दोन टोकं हाती आली: चांगली आवृत्ती आणि वाईट आवृत्ती. लिनक्सच्या एका आवृत्तीत साधारण १३-१४ हजार बदल असतात. ‘गिट बायसेक्ट’ दर वेळी उरलेल्यांचा मध्य काढून देतं, म्हणजे चौदाएक फेऱ्यांत दोषी बदल समोर येतो. त्यासाठी कर्नलचं आतलं ज्ञान लागत नाही. कर्नल बांधायचा, कॉपी करायची, ताडायचं आणि चांगलं की वाईट ते सांगायचं. शनिवार-रविवार जातो. पण सोमवारी तिकिटात “नेटवर्क इश्यू” लिहिण्याऐवजी बदलाचा क्रमांक, कर्नलची आवृत्ती, डब्ल्यूसाइझ आणि पहिल्या बिघडलेल्या बाइटचा आकडा लिहिता येतो.