सुट्टी सगळ्यांची, काम सगळ्यांचं!

मुलांनो, वार्षिक परीक्षा संपली की आपल्या पुसदमध्ये दोघांचंच राज्य असतं. एक ऊन आणि दुसरी सुट्टी! कुणी मामाच्या गावाला जातं, कुणी झाडाच्या सावलीत पत्ते मांडतं, तर कुणी दिवसभर कूलरसमोरून हलत नाही. तुमच्या वर्गातली एखादी ख्रिस्ती मैत्रीण किंवा मित्र मात्र पिशवी भरून शिबिराला निघतो. पिशवीत कपडे, ताट-वाटी, टॉर्च आणि एक जाडजूड पुस्तक. ते पुस्तक म्हणजे बायबल.

“काय, सुट्टीतही अभ्यास?” असं तुम्ही विचाराल. हो, अभ्यासच! पण इथे गुण नाहीत, पहिला नंबर नाही आणि छडी तर नाहीच नाही. सकाळी प्रार्थना आणि गाणी, मग लहान लहान गट करून बायबलमधला एखादा उतारा वाचायचा. काय घडलं? त्या जागी मी असतो तर काय केलं असतं? आणि आज मी काय करणार? अशा प्रश्नांवर सगळ्यांनी बोलायचं. मग खेळ, जेवण, रात्री नाटुकली. असं सगळ्यांनी मिळून राहण्याला ख्रिस्ती मंडळी ‘सहभागिता’ म्हणतात. शब्द मोठा आहे, पण अर्थ सोपा. सुखात वाटा, कामातही वाटा!

बायबल शिकण्याची परंपरा आपल्या जिल्ह्यालाही आहे, बरं का! १९५३ साली यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. देशाच्या निरनिराळ्या भागांतले तरुण तिथे धर्मशिक्षण घ्यायला येत. १९८३ मध्ये ही संस्था पुण्याला गेली. आणि बायबल साध्यासुध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून पंडिता रमाबाईंनी केवढे कष्ट घेतले! केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या वारल्या, पण मरणापूर्वी हे काम त्यांनी हातावेगळं केलं होतं.

आता अशा शिबिरात वाचली जाणारी एक गोष्ट ऐका. योहानाच्या शुभवर्तमानात ती येते. जेवणाची वेळ आहे. त्या काळी धुळीच्या रस्त्यांवरून चालून आलेल्या पाहुण्यांचे पाय घरचा नोकर धूत असे. पण येशू स्वतःच उठतो, कमरेला रुमाल बांधतो, भांड्यात पाणी घेतो आणि एकेका शिष्याचे पाय धुऊ लागतो. पेत्र नावाचा शिष्य एकदम मागे सरतो. गुरूने आपले पाय धुवायचे? छे! पण येशू त्याला समजावतो. मी जे केलं ते तुम्ही एकमेकांसाठी करा, असं सगळ्यांना सांगतो.

गोष्ट छान आहे. ऐकताना सगळे माना डोलावतात. पण जेवण झाल्यावर खरकटं काढायची वेळ आली की किती जण उरतात? खरी परीक्षा तिथेच असते.

ही परीक्षा एका माणसाने मुद्दामच घ्यायची ठरवली. त्यांचं नाव स्टॅन्ली जोन्स. ते अमेरिकेहून १९०७ साली भारतात आलेले मेथडिस्ट मिशनरी. महात्मा गांधींशी त्यांचा स्नेह होता. आश्रमातलं साधं राहणं त्यांना फार आवडलं. मग १९३० मध्ये त्यांनी नैनितालजवळच्या सातताल इथे, डोंगरातल्या तळ्याकाठी, एक ख्रिस्ती आश्रम सुरू केला. उन्हाळ्यात निरनिराळ्या प्रांतांतले लोक तिथे एकत्र राहत. सकाळी शांत बसणं, मग बायबलचा अभ्यास, आणि रोज थोडं अंगमेहनतीचं काम. कुणी साहेब नाही, कुणी डॉक्टर नाही. सगळे एकमेकांचे भाऊ आणि बहीण.

आणि आठवड्यातून एक दिवस आश्रमातल्या सफाई कामगाराला सुट्टी! त्या दिवशी त्याचं काम आश्रमवासी करत. मुलांनो, हे काम म्हणजे नुसता झाडू मारणं नव्हतं. तेव्हा संडासाला पाण्याची सोय नसे, मैला हाताने उचलावा लागे. समाजाने हे काम काही ठराविक जातींच्या माणसांवर लादलं होतं. (माणसाला असं काम करायला लावणं हा आता गुन्हा आहे. त्यासाठी १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये कायदे झाले.)

आश्रमात एक गृहस्थ होते. जन्माने ब्राह्मण, पुढे ख्रिस्ती झालेले. तुम्ही या कामाला कधी येणार, असं जोन्स यांनी त्यांना विचारलं. त्यांनी मान हलवली आणि कबूल केलं, की आपण बदललो हे खरं, पण अजून इतके नाही! किती प्रामाणिक उत्तर! पुस्तक वाचून मन बदलतं, पण हात बदलायला वेळ लागतो.

आपल्या लक्ष्मीबाई टिळकांचंही तसंच झालं. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंचं सोवळं-ओवळं मात्र एका दिवसात सुटलं नाही. वेगवेगळ्या माणसांत राहता राहता ते हळूहळू गळून पडलं. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये ही सगळी हकिगत त्यांनी हसत-हसवत सांगितली आहे. मोठे झालात की जरूर वाचा. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती.

पालकहो, मूल शिबिराहून परतलं की आपण विचारतो, “जेवायला काय होतं? झोप झाली का?” त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारून पाहा. “तुझ्या वाट्याला कोणतं काम आलं?” शिबिर चर्चचं असो, स्काउटचं असो की शाळेचं. मूल कुणाशेजारी जेवलं, कुणाचं ताट त्याने घासलं, यावरून ते तिथे काय शिकलं हे कळेल.

आणि मुलांनो, शिबिराला जाता आलं नाही तरी बिघडलं नाही. सुट्टीत घरी आठ-दहा भावंडं जमतातच ना? कामांच्या चिठ्ठ्या करा. पाणी भरणं, भांडी घासणं, अंगण झाडणं, न्हाणीघर धुणं. मुलगा-मुलगी असा भेद न करता ज्याची जी चिठ्ठी निघेल त्याने ते काम करायचं. एक दिवस आईला सुट्टी. घरी कामाला मावशी येत असतील तर त्यांनाही भरपगारी सुट्टी!

मग काय, यंदा झाडू आधी कोण उचलणार?