पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर समदुःखींचा आधार

पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया पार पडली म्हणजे दुखण्याचा शेवट झाला, अशी समजूत आपल्याकडे सर्वत्र आढळते. वस्तुतः रुग्णालयातून घरी परतल्यानंतरचे पहिले दोन-तीन महिनेच रुग्णाच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या कसोटीचे असतात. रुग्णालयात डॉक्टर व परिचारिका हाकेच्या अंतरावर असतात. घरी मात्र रात्री दोन वाजता पायात कळ आली, तर ती नेहमीची की धोक्याची, हे सांगणारे कोणी नसते. अशा वेळी त्याच वाटेने पूर्वी गेलेल्या माणसाचा शब्द मोठा आधार ठरतो. हा आधार आता मोबाईलद्वारे गावात बसूनही मिळू शकतो. तो कसा मिळवावा, दुसऱ्यास कसा द्यावा आणि त्याची मर्यादा कोठे ओळखावी, हे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

सौंसर तालुक्यातील बोरगावचेच उदाहरण घेऊ. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर हे तालुके मिळून नवा पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला. या भागातील कष्टकरी माणूस संत्र्याच्या बागेत, कपाशीच्या शेतात किंवा बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रातील कारखान्यात राबतो. संत्र्यांचे क्रेट उचलून गाडीत भरणे, पोती पाठीवर वाहणे, तासन्‌तास वाकून निंदण करणे ही सर्व कामे कमरेवर भार टाकणारी होत. मणक्याच्या मोठ्या उपचारांसाठी येथील पुष्कळ लोक नागपूरची वाट धरतात. कोणी ‘मेडिकल’मध्ये जातो, कोणी ‘मेयो’त, कोणी एम्समध्ये, तर कोणी खाजगी रुग्णालयात. आयुष्मान कार्डाचा लाभ दुसऱ्या राज्यातील संलग्न रुग्णालयातही घेता येतो, ही सोय सीमेवरील गावांना विशेष उपयोगाची आहे.

परंतु शस्त्रक्रिया नागपुरास आणि रुग्ण बोरगावास, अशी स्थिती झाली की अडचणींना प्रारंभ होतो. सुटीच्या वेळी हाती पडणारा कागद बहुधा इंग्रजीत असतो. शाळेतील शिक्षण हिंदीतून झालेले असते. घरातील बोली मराठी असते. तीन भाषांच्या या फेऱ्यात ‘वाकू नये’ एवढेच कसेबसे ध्यानात राहते आणि ‘दररोज चालावे’ हे निसटून जाते.

एक घरचा अनुभव

येथे एक व्यक्तिगत उल्लेख करीत आहे, त्याबद्दल वाचक क्षमा करतील. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या थोरल्या बंधूंच्या कमरेच्या मणक्यातील गादीची शस्त्रक्रिया झाली. ती उत्तम झाली. पायातील असह्य कळ दुसऱ्याच दिवशी पुष्कळ कमी झाली होती. परंतु घरी आल्यावर दादांनी बाज धरली ती सोडीनात. पाऊल टाकले की टाके उसवतील, मणका सरकेल, ही भीती मनात घर करून बसली. आम्ही घरच्यांनीही प्रेमापोटी त्यांना उठू दिले नाही. तळपायाची बधिरता गेली नव्हती, त्यावरून शस्त्रक्रिया फसली असा निष्कर्षही आम्हीच काढून मोकळे झालो. डॉक्टरांनी चालण्यास सांगितले होते. पण डॉक्टर म्हणणारच, असे आमचे उत्तर तयार होते.

तीन आठवड्यांनी एका नातेवाईकाने एका निवृत्त शिक्षकांचा क्रमांक दिला. त्यांची तीच शस्त्रक्रिया त्याआधी दोन वर्षे झाली होती. व्हिडिओ कॉल लावला. गुरुजी पडद्यावर दिसले ते आपल्या अंगणात उभे होते. म्हणाले, “मलेबी असंच झालं होतं, भाऊ. भेव नका. माह्या पायाची बधिरता जायले सहा महिने लागले. तुमी डॉक्टरले इचारा अन् उद्यापासून आंगणात पाच मिनिटं चाला.” दादांनी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारले आणि संध्याकाळी ते अंगणात उतरले. गुरुजींनी नवे काहीच सांगितले नव्हते. डॉक्टरांनी सांगितलेलेच, पण चालून दाखविलेल्या माणसाने सांगितले, एवढाच काय तो फरक.

हा फरक महाराष्ट्रात अनेकांनी ओळखला आहे. वयाच्या सोळाव्या वर्षी कमरेखालील शरीर लुळे पडलेल्या नसीमा हुरजूक यांना धीर मिळाला तो बाबूकाका दिवाण यांच्याकडून. बाबूकाका स्वतः तशाच अपंगत्वासह समर्थपणे जगत होते. पुढे नसीमाताईंनी १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली आणि आपली कहाणी ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनात सांगितली. त्यांचे दुखणे कायमचे होते आणि येथे आपण बऱ्या होणाऱ्या रुग्णांचा विचार करीत आहोत, हे खरे. तथापि एका समदुःखीने दुसऱ्यास हात देण्याची रीत तीच आहे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही, १९८६ साली ते सुरू झाल्यापासून, व्यसनातून बाहेर पडलेली माणसे नव्यांना सावरण्याचे काम करीत आली आहेत.

सोबती कसा शोधावा?

‘पाठीचे ऑपरेशन’ हे एकच नाव अनेक शस्त्रक्रियांना दिले जाते, हे प्रथम ध्यानात घ्यावे. दोन मणक्यांमधील गादीचा बाहेर आलेला भाग नसेवर दाबला जात असेल, तर तेवढा भाग काढतात. अशा रुग्णास त्या मानाने लवकर हिंडता-फिरता येते. याउलट स्क्रू व सळ्या बसवून दोन मणके एकमेकांशी जोडले असतील, तर हाड सांधण्यास कित्येक महिने लागतात आणि निर्बंधही अधिक काळ पाळावे लागतात. क्षयरोगामुळे किंवा अपघातामुळे झालेली शस्त्रक्रिया आणखी निराळी. म्हणून सोबती शोधताना आपली शस्त्रक्रिया कोणती, हे सुटीच्या कागदावरून डॉक्टरांकडून मराठीत किंवा हिंदीत समजून घ्यावे. शक्य तो तीच शस्त्रक्रिया झालेली, आपल्या वयाची व आपल्यासारखे काम करणारी व्यक्ती गाठावी. कार्यालयात बसणाऱ्याचा अनुभव क्रेट उचलणाऱ्यास अर्धाच उपयोगी पडतो.

फिजिओथेरपीच्या विभागात येणारे रुग्ण हा सोबती मिळण्याचा सर्वांत चांगला मार्ग होय. तेथे एकमेकांचे क्रमांक घेऊन चार-पाच जणांचा व्हॉट्सॲप गट करता येतो. गावातील आशा कार्यकर्ती व आयुष्मान आरोग्य मंदिरातील आरोग्य अधिकारी यांनाही अशी माणसे ठाऊक असतात. मात्र संबंधिताची संमती घेतल्यावाचून त्यांनी कोणाचाही क्रमांक देऊ नये. ज्यांना लिहिणे-वाचणे जड जाते, त्यांनी आवाजी निरोप पाठवावेत. शिक्षकबंधूंनी या कामी थोडा वेळ दिल्यास पुष्कळ साधेल.

अशा गटात जे बोलले जाते ते पुस्तकात क्वचितच सापडते. बाजेवरून उठताना आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि मग हाताच्या रेट्याने उठावे, हे डॉक्टर सांगतात. पण झोळ पडलेल्या बाजेवर ते जमत नाही, तेव्हा काही दिवस तखतावर गादी टाकावी, हे सोबती सांगतो. उकिडवे बसण्याचे शौचालय असेल तर खुर्चीची सोय कशी करावी, नागपूरच्या फेरीत गाडी मध्येच थांबवून दोन मिनिटे पाय का मोकळे करावेत, हेही त्याच्याकडूनच कळते. स्त्रियांचे प्रश्न तर अधिकच अवघड. पाण्याचा हंडा, चुलीपुढचे वाकणे, कडेवरचे मूल यांतून सहा आठवडे सुटका मिळणे हे पाठीपेक्षा घरच्या माणसांवर अवलंबून असते. स्त्रियांसाठी स्वतंत्र गट असणे म्हणूनच इष्ट. पुरुषांच्या गटात त्या बोलणार नाहीत, आणि पुरुषांना ते कळणारही नाही.

मर्यादा कोठे आहे?

अनुभव आणि औषधोपचार या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्यास मानवलेली वेदनाशामक गोळी आपल्या मूत्रपिंडास किंवा जठरास अपायकारक ठरू शकते. दुसऱ्याचा व्यायाम आपल्या जोडलेल्या मणक्यास घातक ठरू शकतो. पट्टा किती दिवस बांधावा, ओझे केव्हा उचलावे, मोटारसायकल केव्हा चालवावी, हे ज्याने शस्त्रक्रिया केली त्यालाच विचारावे. शस्त्रक्रिया झालेल्या पाठीवर मालिश करून घेणे किंवा ती कोणाकडून ‘बसवून’ घेणे तर सर्वथा टाळावे. गटात हमखास इलाजाची जाहिरात करणारा शिरल्यास त्यास तत्काळ दूर करावे. आधार क्रमांक, आयुष्मान कार्डाचा क्रमांक, ओटीपी किंवा नाव दिसणारे तपासणी-अहवाल गटात टाकू नयेत.

आणखी एक बाब सहसा लक्षात येत नाही. जे बरे झाले ते शेतावर, कारखान्यात निघून गेलेले असतात. गटात दीर्घकाळ राहतात ते बहुधा ज्यांचे दुखणे रेंगाळले ते. त्यामुळे तेथे दुःखाच्या हकीकती अधिक दिसतात. सर्वांचेच असे होते, असा ग्रह करून घेऊ नये. रात्री जागून असे निरोप वाचण्याची सवय तर मुळीच लावून घेऊ नये. मन सतत उदास राहू लागले, झोप उडाली, तर टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही विनामूल्य बोलता येते.

काही लक्षणे दिसली तर गटाला विचारण्यात एक क्षणही दवडू नये. लघवी अडणे, लघवी-शौचावरील ताबा जाणे, जांघेत व बसण्याच्या जागी बधिरता येणे, पायातील शक्ती एकाएकी कमी होणे. जखमेतून पू किंवा पाणी येणे, ताप चढणे. एका पायाची पोटरी सुजून दुखणे, छातीत दुखणे अथवा धाप लागणे, ही ती लक्षणे होत. यांतील काहीही दिसले की १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व रुग्णालय गाठावे. गटातील कोणी असे लक्षण लिहिल्यास उत्तर एकच द्यावे : आत्ताच निघा.

आधार देणाऱ्यांसाठी

बरा झालेला माणूस उत्तम सोबती होतोच असे नाही. आपली कहाणी लांबवून सांगण्याचा मोह त्यास आवरावा लागतो. समोरच्याचे आधी ऐकावे. ‘माझे असे झाले’ असे म्हणावे, ‘तुम्ही असे करा’ असे म्हणू नये. शस्त्रक्रिया कोणती व कितव्या आठवड्यात काय जमू लागले, हे सांगावे. न जमलेलेही सांगावे. ‘अजून दुखते का?’ या रोजच्या प्रश्नाऐवजी ‘आज किती चाललात?’ असे विचारल्यास बोलणे निराळ्या वळणाने जाते. आपणास थकवा वाटू लागल्यास चार दिवस उत्तर देणे दुसऱ्याकडे सोपवावे. त्यात कमीपणा नाही.

आमच्या दादांकडे आता अधूनमधून अपरिचितांचे फोन येतात. पलीकडचा माणूस औषधाचे नाव विचारू लागला की ते फोन वहिनींच्या हाती देतात आणि वहिनी ठरलेले उत्तर देतात : “ते डॉक्टरले इचारा, भाऊ. चालण्याचं काय ते यायले इचारा.”