‘बॅकअप यशस्वी’ म्हणजे नेमके काय?

आपल्यापैकी अनेकांच्या दवाखान्यांत केसपेपरची जागा संगणकाने घेतली आहे. रात्री आपोआप बॅकअप होतो, सकाळी पडद्यावर ‘यशस्वी’ असा शेरा दिसतो आणि आपण निर्धास्तपणे ओपीडीला बसतो. बालरोगतज्ज्ञाचे मात्र एवढ्याने भागत नाही. दहाव्या वर्षीच्या टीडी लसीसाठी आलेल्या मुलाचे जुने कार्ड हरवलेले असले, तर आधीच्या डोसांचा पुरावा आपल्या संगणकातच उरतो.

नोंदी सुटण्याचे पहिले कारण जागेचे. विंडोजमधील फाइल हिस्टरी ही सोय मूलतः डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरावीक फोल्डरांचीच नक्कल ठेवते. दवाखान्याच्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस बहुधा निराळ्याच फोल्डरात असतो. म्हणजे मंडळाच्या स्नेहसंमेलनाची छायाचित्रे सुरक्षित आणि लसीकरणाच्या नोंदी वाऱ्यावर! दुसरे कारण अधिक फसवे. सॉफ्टवेअर रात्रभर उघडे राहिले, तर ते डेटाबेसची फाइल धरून बसते. नक्कल करणारा साधा प्रोग्रॅम ती वगळतो किंवा अर्धवट अवस्थेत उचलतो. वगळलेल्या फाइलींची नावे लॉगमध्ये सहसा नोंदलेली असतात, पण तो वाचतो कोण? त्यापेक्षा सॉफ्टवेअरमध्ये स्वतःच्या बॅकअपची सोय असल्यास ती आधी वापरावी आणि तयार झालेली फाइल रात्रीच्या यादीत घालावी. ही फाइल ४ जीबीपर्यंत पोचली, की फॅट-३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर मावत नाही, मग तो कितीही रिकामा असो.

बॅकअप रेंगाळण्याची तक्रारही नेहमीची. पहिल्या रात्री सर्वच फाइलींची नक्कल व्हायची असल्याने वेळ लागणे स्वाभाविक आहे. पुढेही तासन् तास लागत असतील, तर डिस्क जुन्या यूएसबी २ पोर्टला लावली आहे का, हे पाहावे. हजारो लहान फाइली एका मोठ्या फाइलीपेक्षा सावकाश जातात, त्यात अँटिव्हायरस प्रत्येक फाइल तपासतो. तो बंद करू नये. त्याच्या पूर्ण तपासणीची वेळ बदलावी. एरवी झटपट होणारा बॅकअप एकाएकी मंदावला, तर मात्र डिस्क निकामी होत असल्याची शंका घ्यावी आणि आधी दुसऱ्या डिस्कवर नक्कल काढावी.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितलेल्या नोंदी ७२ तासांत द्याव्या लागतात. तेव्हा महिन्यातून एकदा तरी बॅकअप दुसऱ्या संगणकावर उतरवावा आणि आदल्याच दिवशी तपासलेल्या एखाद्या बाळाचे वजन, डोस व तारीख त्यात सापडते का, हे स्वतः पाहावे.