इंद्रायणीतली जलपरी

तळेगाव दाभाडेच्या पलीकडे, इंद्रायणीच्या काठी आंबी नावाचं गाव आहे. तिथे जलपरी यायची म्हटली, तर बिचारीला केवढा वळसा पडेल! कोकणचा समुद्र तसा जवळ, घाट उतरला की आलाच. पण इंद्रायणी त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला धावते. तुळापूरला ती भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. म्हणजे परीने तिकडून निघायचं, अख्खं पठार चढायचं, वाटेत उजनी धरणाची भिंतही ओलांडायची. नकोच ते!

आपल्याकडे पाण्यात राहतात त्या साती आसरा. कुणी त्यांना मावलाया म्हणतं. नदीकाठी, विहिरीपाशी शेंदूर फासलेले सात दगड दिसले, तर त्या त्याच. पण त्यांना माशाची शेपटी नसते.

मग मुलगी आणि मासोळी एकत्र कुठे भेटतात? आंबीवरून वाहत गेलेलं पाणी पुढे देहूला पोचतं ना, तिथे! सतराव्या शतकात तुकोबांनी एक अभंग रचला. पांडुरंगासाठी आपला जीव कसा तळमळतो, हे त्यांना सांगायचं होतं. त्यांनी आधी सासरी निघालेली, मागे वळून वळून पाहणारी लेक आणली आणि शेवटी पाण्याबाहेर पडलेली मासोळी. दोघी एकाच अभंगात. मला तर हीच मराठीतली जलपरी वाटते.

आता एक गंमत. मासोळी पाण्याबाहेर का तडफडते? प्राणवायू संपतो म्हणून? छे! शंभर लिटर हवेत एकवीस लिटर प्राणवायू असतो आणि शंभर लिटर नदीच्या पाण्यात जेमतेम अर्धा-पाऊण लिटर. म्हणजे बाहेर पडल्यावर तिच्याभोवती प्राणवायूच प्राणवायू! तरी ती गुदमरते, कारण तिचे कल्ले पाण्यासाठीच घडलेले असतात. चित्रकलेचा ब्रश पाण्यात बुडवलात की त्याचे केस मोकळे पसरतात, बाहेर काढलात की एकमेकांना चिकटतात. कल्ल्यांच्या नाजूक झालरींचंही तसंच होतं. त्या चिकटतात, हळूहळू सुकतात, आणि प्राणवायू शोषायला जागाच उरत नाही.

सासरच्या भरल्या घरात नव्या सुनेचा जीव असाच कोंडत असेल. तुकोबांना कल्ल्यांचं शास्त्र कुठून ठाऊक असणार? पण बघणं मात्र पक्कं!

सातासमुद्रापलीकडे डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन अँडरसननेही १८३७ साली जलपरीची गोष्ट लिहिली. त्याची परी पाय मिळवण्यासाठी आपला गोड आवाज देऊन टाकते. परक्या घरी गेली आणि बोलताच येईना! कुणी शाळा बदलली असेल, गाव सोडून शहरात आलं असेल, तर त्याला ही परी लगेच ओळखू येईल.

आणि माणूस-मासा ही जोडी काही अगदीच हवेतली नाही बरं का. आईच्या पोटात चौथ्या-पाचव्या आठवड्यात बाळाच्या मानेपाशी बारीक कमानी उमटतात. माशाच्या पिल्लात अशाच कमानींपासून कल्ले तयार होतात. आपल्यात कल्ले कधीच होत नाहीत. त्या कमानींपासून आपला जबडा बनतो, घशाचे काही भाग बनतात आणि कानातली तीन चिमुकली हाडंसुद्धा: हातोडी, ऐरण आणि रिकीब. कुणी अभंग म्हणत असेल, तर तो आपल्याला ऐकू येतो तो याच हाडांमुळे.